गोळीची उगवण चाचणी

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याबद्दल सरकारने त्यांना छत्तीस वर्षं पगार दिला. ते बियाणे तपासनीस होते. कुठल्याही दुकानात शिरायचं, थप्पीतलं नेमकं मधलं पोतं काढायला लावायचं, त्यात पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे, आणि कचेरीत आणून त्यातले शंभर मोजून ओल्या कागदात गुंडाळायचे. आठ दिवसांनी गुंडाळी उलगडायची. पंच्याऐंशी उगवले तर पोतं पास. चौऱ्याऐंशी उगवले तर नापास. त्या एका दाण्यापायी लोक त्यांच्या पाया पडलेत, रडलेत, एकाने तर चक्कर आल्याचं नाटक केलं. सासऱ्यांनी त्याच्या नाकाला कांदा लावला, तो उठून बसला, आणि पोतं नापासच राहिलं. कचेरीत त्यांना ‘नापाससाहेब’ म्हणायचे. घरात आम्ही सगळे दादा म्हणतो, पण भीती तेवढीच.

मी त्यांचा एकुलता एक जावई. लग्न ठरायच्या आधी मी खरंच नोकरीला आहे की नाही हे बघायला ते तीन वेगवेगळ्या दिवशी माझ्या ऑफिसात येऊन गेले. तिसऱ्या दिवशी मी नेमका रजेवर होतो. त्या रजेचं कारण त्यांना अजून पटलेलं नाही.

गेल्या वर्षी त्यांची पाठ दुखायला लागली. आधी त्यांनी गादीवर संशय घेतला, मग खुर्चीवर, मग सासूबाईंनी गादी उलटी केली म्हणून सासूबाईंवर. शेवटी तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला. हाडांच्या आत, जिथे रक्त तयार होतं, तिथे बसलेला. डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या.

“बघा दादा, पेशीच्या आत एक लांबलचक दोरी असते, दोन पदरांची. पेशीला एकाच्या दोन व्हायचं असेल तर आधी हे पदर सुटे करावे लागतात. आता ह्या औषधाला दोन हात आहेत असं समजा. एका हाताने ते हा पदर धरतं, दुसऱ्या हाताने तो. आणि सोडत नाही.”

“मग?”

“मग पदर सुटतच नाहीत. पेशी ओढून बघते, दुरुस्ती करून बघते, नाहीच जमलं की मरते. खराब पेशी सारख्या दोनाच्या चार करायच्या मागे असतात, म्हणून त्या आधी सापडतात.”

“आणि चांगल्या?”

“थोड्या चांगल्याही सापडतात. जे काही भराभर वाढतं, त्या सगळ्याला फटका बसतो. केस, तोंडाच्या आतली कातडी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी.”

“जे काही भराभर वाढतं, ते सगळं,” दादा म्हणाले, आणि खिशातली वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं. बाईंना वाटलं, पेशंट किती मन लावून ऐकतोय. मला बाईंची कीव आली.

दर सोमवारी सकाळी आठ गोळ्या, एकदम. त्या तोडायच्या नाहीत, चुरायच्या नाहीत, घरच्यांनी हात लावायचा तर हातमोजे घालून. वर दिवसभरात तीन लिटर पाणी, कारण औषध बाहेर जाताना मूत्राशयाला चावून जातं. सोबतीला दुसरी एक गोळी होती, तिने झोप उडते आणि डोकं भणभणतं, असं बाईंनी आधीच सांगितलं. त्या दुसऱ्या गोळीबद्दल दादांनी कधीच संशय घेतला नाही. ती झोप उडवते हे पहिल्याच आठवड्यात सिद्ध झालं होतं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं, एवढंच आम्ही घरात हळू आवाजात म्हणायचो.

पहिला महिना बरा गेला. रक्तातलं जे एक नको असलेलं प्रथिन वाढलं होतं, ते खाली आलं. डॉक्टरबाई खूश झाल्या. सासूबाईंनी गादी सुलटी केली.

मग मी चूक केली. म्हणजे चूक नाही, पण दादांच्या भाषेत ‘नोंद घेण्याजोगी बाब’. हॉस्पिटलच्या दुकानात त्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून मी समोरच्या रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणल्या. पहिली पेटी हिरवी होती. ही निळी निघाली.

दादांनी पेटी हातात घेऊन खिडकीशी नेली. मग चष्मा बदलला. मग भिंग आणलं.

“जावईबापू, ही कुठून घेतलीत?”

“समोरच्या दुकानातून. औषध तेच आहे दादा, कंपनी वेगळी.”

“पावती?”

पावती दिली. त्यांनी ती उजेडात धरली.

“दुकानदार ओळखीचा आहे का तुमच्या?”

“नाही.”

“मग तुमच्याशी हसून का बोलला?”

“तो हसला हे तुम्हाला कसं कळलं?”

“म्हणजे हसला,” दादा म्हणाले आणि वहीत लिहिलं.

त्या दिवसापासून त्यांनी खोलीचं दार लावून औषध घ्यायला सुरुवात केली. माणूस गोळ्या गिळताना चेहरा वेडावाकडा होतो, तो घरच्यांनी बघू नये, असं कारण दिलं. आम्ही बाहेर उभं राहून ऐकायचो. ग्लासचा आवाज यायचा, पाण्याचा घोट यायचा, मग खाकरणं. सासूबाई समाधानाने मान हलवायच्या.

पण घरातून वस्तू जायला लागल्या. आधी स्वयंपाकघरातला पुसायच्या कागदाचा अख्खा गुंडा गेला. मग तीन झाकणाचे डबे. मग सासूबाईंचा खलबत्ता. मग गव्हाच्या डब्यात कुणीतरी हात घालून मधूनच दाणे काढल्याचा खड्डा दिसला.

“ते चोरून काहीतरी खातायत,” सासूबाई म्हणाल्या.

“कच्चे गहू?” बायको म्हणाली.

“तुझ्या वडिलांचा काही नेम नाही.”

आम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पाळत ठेवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मला एवढंच कळलं, की दादा रोज सकाळी कंगव्यातले केस टीपकागदावर ठेवून मोजतात. हिरव्या पेटीच्या महिन्यात रोज वीस-बावीस. निळ्या पेटीनंतर बारा. हे आकडे मी त्यांच्या वहीत चोरून वाचले. त्याखाली एकच शब्द होता: ‘संशयास्पद’. अधोरेखित.

दुसऱ्या सोमवारनंतर दोन दिवसांनी फ्रिजच्या दारावर कागद लागला. दादांचं अक्षर, ठसठशीत, समास सोडून.

‘नमुना: गोळी, निळी पेटी. चाचणी: उगवण. साध्या पाण्यातील गहू, शंभर पैकी शहाण्णव उगवले. गोळीच्या पाण्यातील गहू, शंभर पैकी चौऱ्याण्णव उगवले. वाढ जोमदार. निष्कर्ष: सदर गोळी भराभर वाढणाऱ्या कशालाही रोखत नाही. शेरा: नापास. पुढील आदेशापर्यंत सदर माल वापरण्यास मनाई.’

खाली सही, तारीख, आणि निवृत्त झाल्यावर परत करायचा राहून गेलेला गोल शिक्का.

सासूबाईंनी तो दोनदा वाचला. मग खुर्चीत बसल्या. “मनाई म्हणजे? घेतल्या नाहीत ह्यांनी?”

आम्ही तिघं खोलीत शिरलो. दादांनी कपाट उघडून दाखवलं, लपवण्यासारखं काही नव्हतंच त्यांच्या मते. खालच्या कप्प्यात डब्यांत ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उभ्या होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी. टोकांतून हिरवेगार कोंब डोकावत होते. इतके तजेलदार गहू मी शेतातसुद्धा बघितले नव्हते. शेजारी खलबत्ता, सासूबाईंचे भांडी घासायचे रबरी हातमोजे, आणि मी पोहायला जाताना वापरायचो तो चष्मा.

“चुरायच्या नाहीत असं सांगितलं होतं ना?” बायको म्हणाली.

“घरच्यांनी. मी तपासनीस म्हणून चुरल्या. सगळी खबरदारी घेऊन.” दादांनी मला लाखेने बंद केलेली एक छोटी पुडी दिली. “ही तुमची.”

“माझी कशी?”

“कायद्याने नमुन्याचे तीन भाग करतात. एक प्रयोगशाळेचा, एक कचेरीत राखीव, एक पुरवठादाराचा. तीन गोळ्या आहेत. मोजून घ्या आणि इथे सही करा.”

“दादा, मी पुरवठादार नाही, मी जावई आहे.”

“दोन्ही असू शकतं. बऱ्याच प्रकरणांत असतं.”

हिशेब साधा होता आणि भयंकर होता. निळ्या पेटीच्या पहिल्या सोमवारच्या आठ गोळ्या नमुन्यात गेल्या. दुसऱ्या सोमवारच्या आठ मनाईत. बंद दाराआड ते नुसतं पाणी पीत होते, तेही आम्हाला ऐकू जावं म्हणून. दोन आठवडे तो आजार दादांच्या हाडांत बसून आरामात दोनाचे चार करत होता.

वर गेल्यावर बायकोने आधी दार लावलं. मग म्हणाली, “खरं सांग. दुकानातूनच आणल्यास ना?”

“मग काय, झाडावरून तोडून आणल्या?”

“नाही, पण गहू खरंच छान उगवलेत रे.”

इथे मला कळलं की शिक्क्यात किती ताकद असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दादांना घेऊन हॉस्पिटलात गेलो. रक्त तपासलं. खाली आलेलं प्रथिन पुन्हा वर चढलं होतं, आणि चांगलंच. डॉक्टरबाईंचा चेहरा पडला.

“गोळ्या नियमित घेताय ना?”

“निळ्या पेटीचा निकाल तुमच्याही यंत्राने दिला बघा,” दादा माझ्याकडे बघत म्हणाले. “हिरवीने उतरलं, निळीने चढलं.”

“निळीतली एक पण पोटात गेली नाहीये, दादा,” मी म्हणालो. “निळीने काहीच चढवलेलं नाही.”

“आरोपी नेहमी तपशिलात शिरतो.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा ओठ दाबून खिडकीबाहेर बघितलं, आणि आम्हाला तळमजल्यावर औषधं बनवून देणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या काचेच्या खोलीत काम करायच्या, बुटक्या, पन्नाशीच्या, दुहेरी हातमोजे घालणाऱ्या. दिवसभर असल्या औषधांत हात घालून त्यांचं आश्चर्य करणंच संपलं होतं. त्यांनी निळी पेटी बघितली, आकडे ताडून बघितले.

“औषध खरं आहे.”

“कशावरून?” दादा म्हणाले. “आकडे मी पण छापू शकतो.”

“आणि खरं नाही असं तुम्ही कशावरून म्हणता?”

दादांनी फ्रिजवरचा कागद पुढे केला. बाईंनी तो शांतपणे वाचला. साध्या पाण्याची वेगळी गुंडाळी केली होती हे वाचून त्यांनी मान डोलावली, तेव्हा दादा जरा ताठ झाले.

“चाचणी चांगली केलीत,” त्या म्हणाल्या. “पण काका, गव्हाला यकृत असतं का?”

“नाही.”

“ही गोळी झोपलेली असते. तिचे दोन हात बांधलेले असतात. पोटातून ती रक्तात जाते, रक्तातून यकृतात. यकृत तिचे हात सोडवायला सुरुवात करतं. त्याच्यापुढे ती दोरीचे पदर धरायला मोकळी. यकृत भेटलंच नाही तर ती नुसती पाण्यात पडून राहते. तुमच्या गव्हाने काय केलं, झोपलेल्या पहारेकऱ्याच्या अंगावरून चालत गेला.”

दादांनी आपला कागद परत घेतला. मग म्हणाले, “असं औषध बनवतंच कोण, जे दुसऱ्याने जागं केल्याशिवाय उठत नाही?”

“जागं असतं तर वाटेतच ज्याला त्याला धरत सुटलं असतं. त्याचं खानदान तसंच आहे. मूळ पुरुष युद्धातला विषारी वायू. त्यात सापडलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गायब झालेल्या दिसल्या, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हे कर्करोगावर वापरून बघू. घराणं वाईट, पण हा मुलगा कामाला लागला. असं एखादं असतंच की प्रत्येक घरात.”

सगळ्यांनी माझ्याकडे का बघितलं ते मला माहीत नाही.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण रिक्षात बसल्यावर दादा म्हणाले, “जावईबापू, यकृत कुठे मिळेल?”

कसायाच्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा शरमलो.

“एक यकृत द्या. ताजं. आजचंच.”

“किती माणसं आहेत जेवायला?”

दादांनी सांगून ठेवलं होतं तेच माझ्या तोंडून गेलं. “शंभर. पण दाणे आहेत.”

कसायाने सुरी खाली ठेवली. मी पाव किलो पुरे म्हटल्यावर त्याने मला वर-खाली बघितलं आणि पुडी लांबूनच सरकवली.

दादांनी यकृत वाटलं. दोन भाग केले. एकात राखीव नमुन्यातली गोळी मिसळली, एक तसाच ठेवला, कारण पोतं असो की यकृत, तुलनेला साधा नमुना हवाच. मग शंभर-शंभर दाणे, गुंडाळ्या, चिठ्ठ्या, कपाट. आम्ही विनवलं. बायको रडली. सासूबाईंनी जेवण वाढताना ताट आपटलं. दादा म्हणाले, “आठ दिवसांचा प्रश्न आहे. ह्या सोमवारी घेऊन चुकीची निघाली तर?”

“आणि बरोबर निघाली तर, आणि तुम्ही घेतली नसेल तर?” मी विचारलं.

उत्तर नसलं की ते भिंग पुसायचे. आत्ताही पुसायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी वास जिन्यात आला. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार वर आले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, “वहिनी, साहेब दिसले नाहीत दोन दिवस. सगळं ठीक आहे ना?” त्यांची नजर सासूबाईंच्या खांद्यावरून आत, खोलीच्या बंद दारावर. सासूबाईंनी दादांना हाक मारली. दादा बाहेर आले, हातात रबरी हातमोजे, कपाळावर पोहायचा चष्मा, मोज्यावर लाल-काळे डाग. त्यांना जिवंत बघून हवालदारांना जेवढं हलकं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात कोण येतं आणि कोण बाहेर पडतं ह्याची ते खिडकीतून मोजदाद करायला लागले.

पाचव्या दिवशी वास सहन होईना, तेव्हा आठ दिवस न थांबता दादांनी गुंडाळ्या उघडल्या. आम्ही नाकात कापूस घालून दारात उभे. गोळी घातलेल्या यकृतातला एकही दाणा उगवला नव्हता. शंभरपैकी शून्य. मी जवळजवळ नाचलो.

“थांबा,” दादा म्हणाले आणि दुसरी गुंडाळी उघडली. साध्या यकृतातलाही एक उगवला नव्हता. सगळं कुजून, वर केसाळ राखाडी बुरशी. दोन्हीकडे शून्य.

दुसरा कुणी असता तर पहिली गुंडाळी दाखवून दुसरी फेकून दिली असती. मला तसं सुचलंही, आणि तोंडावर दिसलं असावं.

“नाही जावईबापू. चाचणी बाद.” ते कागदाकडे बघत राहिले. “काही सिद्ध झालं नाही.”

पाठीचं दुखणं तेवढ्यात परत आलं होतं. वाकलेले होते ते उठताना त्यांनी कपाटाचं दार धरलं. सासूबाईंनी ते बघितलं. त्यांनी सगळं सामान उचललं, डबे-मोजे-खलबत्ता, काचेच्या खोलीतल्या बाईंनी असल्या कचऱ्यासाठी दिलेल्या जाड पिशवीत घातलं, पिशवी माझ्या हातात देऊन हॉस्पिटलात परत द्यायला सांगितलं, खिडक्या उघडल्या, हात धुतले, आणि मग दादांसमोर येऊन बसल्या. चाळीस वर्षांत त्यांनी दादांना कधी शंका विचारली नव्हती.

“अहो, कसायाकडचं यकृत मेलेलं. बाजारात जिवंत मिळत नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“ह्या घरात जिवंत अशी चार आहेत. त्यातल्या एकाला त्या गोळीची गरज आहे. ते कधी वापरणार तुम्ही?”

दादांनी हात मागे नेऊन पाठ दाबली.

“करा की चाचणी. नीट करा. आधी रक्त, मग दोन सोमवार गोळ्या, मग रक्त. डॉक्टरबाई म्हणाल्यात ना, पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून? उतरल्या तर गोळी खरी. नाही उतरल्या तर मी स्वतः जावयाला पोलिसात देते.”

“आई!” मी म्हणालो.

“तुम्ही गप्प बसा.”

दादांनी वही उघडली. पुष्कळ वेळ लिहिलं. मग वर बघून म्हणाले, “पंच लागतील. दोन. घरातले चालणार नाहीत, हितसंबंध आहेत.”

म्हणून सोमवारी सकाळी खालचे हवालदार आणि त्यांच्या मिसेस आमच्या सोफ्यावर बसलेले होते. हवालदार खूश होते. त्यांना शेवटी त्या घरात अधिकृत प्रवेश मिळाला होता. दादांनी आठ गोळ्या बशीत ओळीने मांडल्या, पंचांनी मोजल्या, आणि मग दादांनी एक एक गिळली. प्रत्येक गोळीनंतर सासूबाईंनी त्यांना जीभ वर करायला लावली आणि टॉर्च मारला. गालाच्या आत बघितलं. चौथ्या गोळीला दादा म्हणाले, “एवढा अविश्वास बरा नाही.” कुणी हसलं नाही. मिसेस हवालदारांनी फक्त पदर तोंडाला लावला.

मग तीन लिटर पाणी. दादांनी दिवसभर पाण्याच्या बाटलीवर रेघा मारल्या आणि रात्रीपर्यंत संडासच्या दारावर हक्क सांगितला.

पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या नंतरच्या शनिवारी रक्त. त्या दरम्यान दादांना मळमळ झाली, अन्न नको झालं, तोंडात चट्टे उठले. रोज सकाळी ते कंगवा घेऊन बसायचे. बारा, सतरा, चोवीस, एकतीस. आकडा वाढला की त्यांचे डोळे चमकायचे. केस गळतात म्हणून आनंद झालेला माणूस मी तेवढाच बघितलाय.

रविवारी दुपारी रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी आधी सहा हजार आठशे. आता तीन हजार शंभर. आणि ते नको असलेलं प्रथिन वाढायचं थांबून जरा खाली सरकलं होतं. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं की असंच चालू ठेवा, फक्त गर्दीत जाऊ नका, ताप आला तर लगेच या.

दादांनी फ्रिजवरचा जुना कागद काढला. नवीन लावला. ‘निळी पेटी: पास.’ खालच्या मजल्यावर जाऊन पंचांना रिपोर्ट दाखवून आले, अर्थात मास्क लावून, दारातूनच. मला जिन्यात गाठून त्यांनी माझा हात हातात घेतला. “तुमच्यावरचा आरोप मागे घेतला,” म्हणाले. “लेखी हवं असेल तर देतो.”

“नको दादा.”

“घ्या. उद्या मी नसलो तर कुणी उकरून काढेल.”

मला वाटलं, संपलं. आता दर सोमवार सुरळीत. पण सोमवारी सकाळी सासूबाईंनी मला खाली बोलावलं. पंच नव्हते, टॉर्च नव्हता. दादा खोलीत बशी समोर घेऊन बसले होते. आठ गोळ्या ओळीने. एक तास झाला, म्हणाल्या, हात लावला नाही.

मी आत गेलो. त्यांनी मला दार लावायला सांगितलं.

“आता काय शंका?” मी जरा चिडूनच म्हणालो.

“शंका नाही.”

“मग?”

ते गोळ्यांकडे बघत होते. केस विरळ झाल्यामुळे त्यांचा चेहरा मोठा वाटत होता, आणि उघडा.

“एक पोतं खोटं निघालं ना जावईबापू, की आपण त्या दुकानातला सगळाच माल बाजूला काढतो. पावत्या, शिक्के, सगळं. काही खरं धरत नाही.” ते थांबले. “गोळी खोटी होती तोवर मला वाटायचं, तो रिपोर्ट पण तसलाच असेल. पाठदुखी गादीची असेल. ती बाई दोन रेघा काढून काहीतरी सांगत होती, ते पण.”

मी त्यांच्यासमोर बसलो.

“आता गोळी खरी निघाली,” ते म्हणाले.

“हो.”

“स्वतः तपासली मी. चूक नाही त्यात.”

“नाही.”

“म्हणजे बाकीचं पण खरं.”

बाहेर सासूबाईंची पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. पण ह्या माणसाला कुणी फुकटचा धीर दिला की तो पहिला प्रश्न विचारतो, तुमचा ह्यात फायदा काय? म्हणून मी खोटं बोललो नाही.

“हो दादा. बाकीचं पण खरं आहे.”

त्यांनी मान हलवली. मग पुष्कळ वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मी ग्लासात पाणी ओतलं आणि धरून बसलो. हात भरून आला तरी खाली ठेवला नाही. ठेवला असता तर मला घाई नाही असं त्यांना वाटलं असतं, आणि मला घाई होती. त्यांच्या हाडांत जे चाललं होतं, ते आमच्यासाठी थांबणार नव्हतं.

शेवटी त्यांनी पहिली गोळी उचलली. भिंगाखाली धरली नाही, उजेडाला लावली नाही. चिमटीत धरली आणि ग्लाससाठी दुसरा हात माझ्यापुढे केला.

“द्या,” ते म्हणाले. “आणि अजून सात आहेत, तुम्ही मोजत राहा. मला आज मोजायचं नाही.”